जर्मन लेन्स

अब्बांची एक हिरवी लोखंडी पेटी होती. तिच्यात कपडे नव्हते, जमिनीचे कागदही नव्हते. वर कडुनिंबाची वाळलेली पाने, त्याखाली जुन्या लुंगीचे तुकडे आणि त्या तुकड्यांत गुंडाळलेला एक कॅमेरा आणि तीन लेन्स. गव्हाच्या कोठीत कीड लागू नये म्हणून आपल्याकडे कडुनिंब घालतात, तोच उपाय अब्बा लेन्सवर करीत. पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरते हे त्यांना ठाऊक होते. तिला कडुनिंब चालत नाही हे ठाऊक नव्हते. मलाही ते फार उशिरा कळले.

कुही हे नागपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नागपूर इथून एसटीने तासाभरावर. इतवारी ते नागभीड जाणारी छोटी रेल्वे कुहीवरून जायची. ब्रॉडगेजच्या कामासाठी नोव्हेंबर 2019 मध्ये ती बंद झाली. अब्बा त्याच गाडीने इतवारीला उतरून रोल, कागद आणि हायपो घेऊन येत. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागे डार्करूमचा कोनाडा आणि भिंतीवर पेंटरने रंगवलेला तलावाचा पडदा. त्या तलावापुढे अर्धा तालुका बसून गेला. मिरच्या विकून आलेले कास्तकार, दहावीचा फॉर्म भरणारी मुले, पाहायला येणाऱ्यांना फोटो पाठवायचा म्हणून नटून आलेल्या मुली. 1988 साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढची कितीतरी वर्षे वैनगंगेकाठच्या गावांतून लोक पुनर्वसनाच्या कागदांवर लावायला फोटो काढू लागले. अब्बा सायकलवर कॅमेरा लटकवून त्या गावांत जायचे. ती गावे आता पाण्याखाली आहेत.

त्यांचा कॅमेरा रशियन होता, झॉर्की-4. आजच्या मुलांना हा प्रकार समजावून सांगावा लागतो. या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. यात लेन्समधून पाहायचे नसते. माथ्यावर एक छोटी खिडकी असते. तिच्यातून पाहिले की मधल्या पिवळसर ठिपक्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक पक्का आणि एक फिकट. लेन्सची कडी हळूहळू फिरवायची. फिकट माणूस सरकत सरकत पक्क्यावर येऊन बसला की अंतर बरोबर जुळले, मग बटण दाबायचे. लहानपणी अब्बा मला त्यातून बघू द्यायचे आणि मी ओरडायची, "अम्मी दो हैं!" अम्मी चुलीपाशी बसून म्हणायची, "एक ही से काम नहीं होता, दो कहां से लाऊं."

त्या कॅमेऱ्याचा अब्बांचा एक नियम होता. आधी खटका ओढा, मग वेग बदला, उलटे केले तर आतले यंत्र बिघडते. 2009 च्या सुमारास एका पाहुण्याच्या पोराने उलटे केले आणि खटका जो अडकला तो अडकलाच. तोवर डिजिटल आले होते. अब्बांनी तो दुरुस्त केला नाही. पेटीत ठेवला आणि वर कडुनिंब घातला.

2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, अब्बा गेले. त्या महिन्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पेटी तशीच राहिली. 2023 च्या पावसात छत गळू लागले, पेटीखाली पाणी आले, तेव्हा अम्मीने मला बोलावले. माझे सासर दोन गल्ल्या सोडून आहे. ती म्हणाली, "ये बेच डालो बेटी. पड़े पड़े सड़ जाएगा. और जो पैसा आए वो तरका है, मेरे सामने बांट दो."

भाईजान पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "तूच ठेव सगळं. चार दमड्यांचं काय वाटायचं?" पण अम्मी ऐकेना. घराचे वाटप कधी व्हायचे ते होईल, या पेटीचे आत्ताच व्हायला हवे असे तिने मनात घेतले होते. मी वहीत हिशेब मांडला. मयताला मुलेबाळे असली की विधवेचा हिस्सा आठवा. उरलेल्यात मुलाचे दोन, मुलीचा एक. चोवीस भाग केले की अम्मीचे तीन, माझे सात, भाईजानचे चौदा. सहावीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना मी हेच उदाहरण देते, त्यामुळे हिशेब तोंडपाठ होता. स्वतःच्या घरावर तो पहिल्यांदाच लावत होते.

आता विकायचे तर घेणार कोण, हा प्रश्न. मला वाटले होते भंगारवाला. पण माझ्या पुतण्याने मोबाइलवर जाहिरात टाकून दिली आणि दोन दिवसांत फोन सुरू झाले. कारण नंतर समजले. 2008 पासून आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे बाजारात आले. त्यांची खोली इतकी कमी असते की मध्ये एक कडी बसवली की जुन्या रेंजफाइंडरची लेन्स त्यांच्यावर चालते. ज्या लेन्स कपाटात मेल्यासारख्या पडल्या होत्या त्यांना पुन्हा गिऱ्हाईक आले. शिवाय संग्रह करणारे लोक आहेतच. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्याकडचे 4,425 जुने कॅमेरे 2003 साली गिनेसच्या पुस्तकात नोंदले गेले. अशा छंदी लोकांना कुहीतली एक पेटी म्हणजे काहीच नाही, पण त्यांचे फोन येतात खरे.

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. "भैया हैं क्या?" मी म्हणायची, "भैया नाहीत, मीच विकतेय." मग पलीकडे थोडी शांतता. एकाने तर विचारले, "मॅडम, आपको लेन्स के बारे में कुछ मालूम है?" तेव्हा खरोखरच नव्हते. मग मी शिकायला बसले. आम्ही शिक्षक लोक दुसरे काय करणार!

लेन्स तपासायची पद्धत अशी. रात्री दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावायचा आणि पुढून तिरके पाहायचे. दिवसा आरशासारखी दिसणारी काच तेव्हा सगळे सांगून टाकते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. धूर साचल्यासारखे दिसले तर आतल्या तेलाची वाफ बसलेली. केसाएवढ्या बारीक गोल रेघा दिसल्या तर कुणीतरी लुंगीने पुसून पुसून वरचा लेप घालवलेला. अब्बांच्या लेन्सवर या रेघा भरपूर होत्या आणि लुंगीचे तुकडे पेटीतच होते. मग छिद्र लहानमोठे करणारी पाती पाहायची, त्यांच्यावर तेल आहे का. कडी फिरवून पाहायची, घट्ट आहे की सैल. बुरशीला कातडी खोळ सगळ्यात वाईट. कातडे ओल धरून ठेवते आणि लोक जपायचे म्हणून लेन्स त्यातच ठेवतात.

अनाजाच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर दाखवणाऱ्या हुजूर (स.) यांचा किस्सा मी दरवर्षी मुलांना सांगते. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. वर्गात सांगायला तो किस्सा फार सोपा आहे. मी एकेका लेन्सचे वर्णन लिहिले. ज्युपिटर-8, पन्नास मिलिमीटर, क्रमांक 72 पासून सुरू, म्हणजे बहुधा 1972 ची. पुढच्या काचेवर पुसल्याच्या रेघा, कडेला बुरशीचा एक धागा, कडी थोडी जड. ज्युपिटर-11, एकशे पस्तीस मिलिमीटरची लांब लेन्स. आत धूर, पाती तेलकट. पुतण्या म्हणाला, "चाची, एवढं लिहिलं तर कोण घेईल?" पण घेतली. पहिली रायपूरच्या एका मुलाने बत्तीसशेला घेतली, दुसरी औरंगाबादकडच्या एकाने पंधराशेला. दोघांनीही वर्णनाबद्दल शुक्रिया अदा केला. लोक खोटे ऐकून इतके कंटाळलेले असतात की बुरशी आहे म्हटले तरी त्यांना हायसे वाटते.

राहिली तिसरी. ती घरात 'जर्मन लेन्स' या नावानेच ओळखली जायची. छोटीशी, चकचकीत, नळीसारखी बाहेर ओढून किंचित फिरवून पक्की करायची. पुढच्या कडीवर इंग्रजी अक्षरांत कोरलेले, अर्न्स्ट लाइट्स वेट्झलर, खाली एल्मर. स्टुडिओच्या पाटीवर नावाखाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असायचे, 'येथे जर्मन लेन्सने फोटो काढले जातील.' ती पाटी वाचत मी मराठी वाचायला शिकले, कारण शाळेत मला उर्दूच होती.

एल्मर म्हणजे काय ते आता मला कळले आहे. जर्मनीत वेट्झलर गावी लाइट्सचा कारखाना होता. तिथल्या ऑस्कर बार्नाक यांनी खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. 1925 साली लायपझिगच्या जत्रेत तो लोकांसमोर आला. त्याचे नाव लायका. मोठमोठ्या फोटोग्राफरांनी पुढे हाच कॅमेरा वापरला. गांधीजींच्या हत्येच्या दिवसांत दिल्लीत फोटो काढणारे फ्रेंच छायाचित्रकार कार्तिये-ब्रेसाँ लायकावालेच. एल्मर ही त्या कॅमेऱ्याची पहिल्या काळातली प्रसिद्ध लेन्स, मॅक्स बेरेक यांनी आखलेली. तेव्हा अशा लेन्सला आजही मान आहे आणि भाव आहे.

पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. निवृत्त इंजिनिअर, बोलणे अगदी सभ्य. त्यांनी मला पहिल्या वाक्यापासून "ताई" म्हटले, भैयांची चौकशी केली नाही. फोटो पाहून अठरा हजार म्हणाले आणि दोन हजार बयाणा लगेच पाठवून दिला. अम्मीने दोन रकात शुक्राना पढली. मी मनात चोवीस भाग करून मोकळी झाले.

फक्त त्यांनी एक सांगितले होते. कडी फार घट्ट आहे, पाठवण्याआधी कुणा जाणकाराकडून जरा साफ करून घ्या, खर्च मी देतो. म्हणून शनिवारची शाळा आटोपून मी नागपूरला सीताबर्डीला गेले. एका जिन्याखाली चार फूट जागेत एक वृद्ध चाचा कॅमेरे दुरुस्त करीत बसतात. त्यांनी लेन्स हातात घेतली, वजन केल्यासारखी दोनदा वर-खाली केली, टॉर्च मारला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "बाजी, ये जर्मन नहीं है. नाम जर्मन है."

मला वाटले भाव पाडायला म्हणत असतील. मग वाटले, यांना कुठे घ्यायची आहे? त्यांनी मला समजावून सांगितले. खऱ्या एल्मरमध्ये छिद्राची पाती पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात. रशियन नकलेत ती आणखी आत, दुसऱ्या भिंगाच्या मागे असतात. पुढून पाहिले तरी दिसते, फक्त कुठे पाहायचे ते माहीत हवे. "ये फेड का माल है. रूस में पुराना नाम घिस के लायका खोद देते थे, टूरिस्ट को बेचने के लिए. बहुत देखे मैंने." कडी मात्र त्यांनी साफ करून दिली. पैसे घेतले पन्नास. उठताना म्हणाले, "लिखा हुआ है, आपने थोड़ी लिखा है. जाने दो जैसे जा रहा है."

परतीच्या एसटीत मला 'फेड' हे नाव सतावत होते. कुठे तरी ऐकलेले होते. घरी येऊन शोधले आणि चकित झाले. बी.एड.ला असताना मकारेंको या शिक्षणतज्ज्ञाबद्दल वाचले होते. प्रश्नपत्रिकेत कधी आले नाहीत म्हणून पुढे विसरले. रशियन यादवीनंतर रस्त्यावर आलेल्या अनाथ, चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या मुलांना त्यांनी काम देऊन माणसांत आणले. खारकोव्हला त्या मुलांची वसाहत होती, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा पहिला प्रमुख फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याच्या नावाची. त्या तीन नावांची आद्याक्षरे म्हणजे फेड. त्या मुलांनी जर्मन लायका खोलून तिचा एकेक भाग समजून घेतला आणि 1934 पासून तसाच कॅमेरा बनवू लागले. म्हणजे ज्या लेन्सने अब्बांनी आम्हाला खाऊ घातले तिचा वंश अनाथ मुलांच्या शाळेपर्यंत जातो. मला तर ही गोष्ट लाइट्स साहेबांच्या कारखान्यापेक्षा मोठी वाटली. पण बाजारात तिला अडीच हजारांच्या वर कुणी देत नाही. खारकोव्हवर 2022 पासून बॉम्ब पडताहेत, हे त्या रात्री वाचले तेव्हा उगाच जवळचे गाव असल्यासारखे वाटले.

आता पुण्याच्या गृहस्थांचे काय, हा सवाल होता. मी भाईजानला फोन केला. तो चिडला नाही, त्याने फक्त वकिली केली. "त्यांनी फोटो पाहून भाव सांगितला. तू म्हणालीस का जर्मन आहे म्हणून? कडीवर जे आहे ते दाखवलंस. जशी आहे तशी म्हण आणि दे." खरे तर मी जाहिरातीत 'एल्मर' लिहिले होते. पण तो म्हणतो ते अगदीच चूक नव्हते. ऐबासकट जशी आहे तशी घ्या, असे आधीच बोलून केलेला सौदा आपल्या हनफी फिकहमध्ये चालतो, एवढे मला माहीत होते.

आमचे एक मामू मदरशात शिकलेले आहेत. जुमाच्या नमाजनंतर ते अम्मीला भेटायला येतात. त्यांना विचारले. ते चहा पीत म्हणाले, "ऐब अलग चीज है. याकूत बोल के कांच दे दी, तो वो ऐब नहीं हुआ, वो सौदा ही नहीं हुआ." मग लेन्स हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि हसले. "ये तो वैसे भी कांच ही है."

त्याच संध्याकाळी पुण्याला फोन केला. बोलायला काय सुरुवात करावी ते सुचेना, वर्गात पालकांना मुलगा नापास झाल्याचे सांगताना होते तसे. सगळे सांगितले, पातीची जागा, फेड, घासलेले नाव. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ताई, हे मला फोटोत दिसायला हवं होतं. लोभ झाला." मी म्हणाले, बयाणा परत पाठवते. ते म्हणाले, दोन दिवस द्या. मी अगदी मनापासून त्यांना म्हणाले, "माझ्या वडिलांना कुणीतरी फसवलं होतं हो. त्यांनी आयुष्यभर तिला जर्मनच समजून जपलं." त्यांना फार वाईट वाटले. म्हणाले, साधी माणसे अशीच फसतात.

दोन दिवसांनी त्यांनी कळवले, फेड म्हणून अडीच हजाराला घेतो. अशा खोट्या लायकासुद्धा काही लोक जमवतात. उरलेले पाचशे त्यांनी पाठवून दिले.

हे इथे संपले असते तर मी हा लेख लिहिला नसता.

पार्सल बांधताना मला वाटले, अब्बांनी ही कधी आणि कुणाकडून घेतली ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. अशा वस्तूला थोडा इतिहास असला की घेणाऱ्याला आनंद होतो. अब्बांच्या हिशेबाच्या वह्या अम्मीने एका पोत्यात ठेवल्या आहेत. सगळ्या उर्दूत, शिकस्ता वळणाच्या बारीक अक्षरात. भाईजान मराठी शाळेत शिकला, त्याला उर्दू वाचता येत नाही. अम्मी कुरआन पढते, छापील उर्दू अडखळत वाचते, हे अक्षर तिला लागत नाही. म्हणजे त्या वह्या वाचू शकणारी आमच्या घरात मी एकटीच.

1994 च्या वहीत सापडले. ईदनंतरचा आठवडा. हायपो, कागद, दोन रोल, इतवारीचे तिकीट आणि त्याखाली, 'लेन्स एल्मर, रूसी, नाम जर्मन. साढ़े चार सौ.'

मी ते तीनदा वाचले. रूसी. नाम जर्मन. सीताबर्डीच्या चाचांनी जे सांगितले ते तीस वर्षांपूर्वी अब्बांच्या हाताने लिहिलेले होते. ते फसले नव्हते. त्यांनी माहीत असून घेतली होती.

मग पाटी? ती कधी रंगवली? अम्मीला सरळ विचारले असते तर तिला संशय आला असता. मी जुन्या गोष्टी काढल्या, भाईजानच्या शाळेपासून सुरुवात करून हळूहळू पाटीवर आले. ती म्हणाली, "वो बोर्ड? भाईजान सातवीं में था तेरा. तब वो रंगीन फोटोवाला आया था ना बाजार में, अपना काम बैठ गया था. तब लिखवाया." भाईजान सातवीत म्हणजे 1995. मला तो रंगीत फोटोवाला आठवतो. त्याच्याकडे मशीन होते, तासाभरात फोटो द्यायचा. अब्बांच्या काळ्या-पांढऱ्या फोटोंना कुणी विचारेना. त्या वर्षी आमच्या घरी दोन वेळची भाजी होत नसे, हेही आठवते.

त्या रात्री मी अब्बांच्या बाजूने खूप वाद घातला, स्वतःशीच. रशियनांनी नक्शा जर्मनांचाच उचलला होता, म्हणजे जर्मन म्हटले तर निम्मे खरेच की. पण मी निम्म्या उत्तराला निम्मे गुण देणारी शिक्षिका नाही, सगळी मुले सांगतील. मग पुन्हा वही उघडली. पाटी लावल्यावर त्यांनी भाव वाढवला का, ते पाहायचे होते. नव्हता वाढवला. पासपोर्टच्या तीन कॉप्यांचा जो भाव 1994 ला होता तोच 1996 च्या शेवटापर्यंत. गिऱ्हाइकांची संख्या मात्र वाढलेली दिसते. वैनगंगेकाठच्या गावांची नावे त्याच पानांवर आहेत आणि त्यांपैकी कितीतरी नावांपुढे 'बाकी' लिहिलेले आहे, ते कधी खोडलेले नाही. फुकट फोटो काढले म्हणून पाटी खरी होत नाही, हे मला समजते. तरी ती पाने मी पुन्हा पुन्हा पाहिली.

गिऱ्हाइकाचे काय नुकसान झाले, असेही मनात आले. फोटो तर चांगलाच यायचा. कडेला थोडा अंधार, मधोमध चेहरा स्वच्छ. फोटो लावून फॉर्म पास झाला, लग्न जमले, पुनर्वसनाचा कागद मिळाला. जर्मनीची काच असती तर पास झाला नसता का? पण धान्याच्या ढिगातल्या त्या माणसाचेही कदाचित कुणी असेच समर्थन केले असेल, की ओले धान्य वाळल्यावर खाता तर येतेच.

आणि मला सगळ्यात जास्त टोचले ते आणखी वेगळेच. पुण्याच्या त्या भल्या गृहस्थांना मी सांगितले होते, माझे वडील फसले. त्यांनी हळहळ व्यक्त केली होती. लेन्सबद्दल खरे सांगून मी जी स्वतःवर खूश झाले होते, त्याच फोनमध्ये माझ्याकडून खोटे गेले होते. नकळत गेले, पण वही सापडल्यानंतरही मी ते दुरुस्त केले नाही. लेन्सच्या किमतीत त्याने काही फरक पडत नव्हता, सौदा झालेला होता. चिठ्ठीवर मी एवढेच लिहिले, 'फेड, खारकोव्ह. वरचे नाव खोटे. 1994 साली नागपुरात घेतली.' कोणी फसवले, कोण फसले, ते लिहिले नाही. लेन्स कापसात गुंडाळून स्टीलच्या छोट्या डब्यात घातली आणि स्पीड पोस्टाने रवाना केली. चौथ्या दिवशी पोहोचली. त्यांनी तिच्यावर काढलेला एक फोटो पाठवला, बाल्कनीतल्या तुळशीचा. कडा काळोख्या, पाने स्वच्छ.

पैशांचे वाटप झाले. बत्तीसशे, पंधराशे आणि अडीच हजार, एकूण सात हजार दोनशे. चोवीसात विभागले, भाग तीनशेचा. अम्मीला नऊशे, मला एकवीसशे, भाईजानला बेचाळीसशे. चाचांचे पन्नास मी माझ्याकडचे धरले. भाईजान नको नको म्हणत होता, पण अम्मीने त्याला सांगितले, नको असेल तर घेऊन दे, घेतल्याशिवाय देता येत नाही. त्याने घेतले आणि छतावर पत्रे घालायला अम्मीला परत पाठवले. फोनवर मला म्हणाला, "बघ, अब्बा फसले पण कुणाला फसवलं नाही. तू पण तशीच निघालीस." मी हो म्हटले. दुसरे काही बोलले नाही.

पाटी अजून आहे. स्टुडिओ बंद झाल्यावर अम्मीने ती मागच्या अंगणात पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून टाकली. पावसाने अक्षरे उडत गेली आहेत. 'लेन्सने फोटो' एवढे अजून वाचता येते.

झॉर्कीचा सांगाडा पेटीतच आहे, खटका अडकलेला. रायपूरचा तो मुलगा सुट्या भागांसाठी मागतो आहे, चारशे म्हणतो. त्याचेही चोवीस भाग करावे लागतील. त्याला अजून उत्तर दिलेले नाही.

अम्मीला मराठी वाचता येत नाही. भाईजानला येते, आणि हा अंक तो दरवर्षी विकत घेतो.